माणूस वर, स्प्रिंग आत

तुंबलेल्या चेंबरचे झाकण उचलण्याआधीच एक गोष्ट पक्की ठरलेली असावी लागते: काहीही झाले तरी माणूस आत उतरणार नाही. या प्रकरणातले यंत्र त्यासाठीच समजून घ्यायचे आहे. रचनेने ते साधे आहे. लोखंडी सांगाड्यावर आडवा बसवलेला एक ड्रम, त्याला फिरवणारी विजेची मोटर, ड्रमच्या पोटात वेटोळे घालून ठेवलेली पोलादी केबल आणि केबलच्या टोकाला कापणारे पाते. कारागीर केबलला स्प्रिंग म्हणतात, आणि ती असतेही तशीच, घट्ट पिळाची लांबलचक स्प्रिंग. ड्रम फिरला की स्प्रिंगही स्वतःभोवती फिरते, वळणावर वाकते आणि पाइपात आडवे आलेले कापत किंवा पोखरत पुढे जाते.

भंडारा जिल्ह्यात या यंत्राची गरज कुठे पडते, ते आधी पाहू. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, अगदी भंडारा शहरातही बऱ्याच घरांचे न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी नालीत जाते, तर संडासाचा मैला घरामागच्या टाकीत. उघडी नाली तुंबली तर फावड्याने गाळ काढता येतो आणि काय काढतो आहोत ते दिसते. खरी अडचण जमिनीखालच्या तुकड्याची असते: संडासापासून टाकीपर्यंतचा, न्हाणीपासून नालीपर्यंतचा, वसतिगृहाच्या एका चेंबरपासून दुसऱ्या चेंबरपर्यंतचा. दवाखाने, आश्रमशाळा, शासकीय वसाहती आणि नव्याने उभ्या राहिलेल्या फ्लॅटच्या इमारतींत अशा चेंबरांची रांगच असते. नव्या बांधकामात बहुधा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, जुन्यात चिनी मातीचा किंवा सिमेंटचा. दहा-वीस मीटरचा तो तुकडा मध्येच कुठेतरी बंद होतो, आणि नेमका कुठे हे वरून कळत नाही.

काय अडकले असेल याचा अंदाज मात्र घराच्या चालीरीतींवरून बांधता येतो. हा जिल्हा भाताचा. भाताची पेज आणि स्वयंपाकातले तेल पाइपाच्या भिंतीला धरते, थंडीत घट्ट होते आणि दर हिवाळ्यात आतली वाट थोडी अरुंद करत जाते. भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव. पितळ आणि तवे-कढया राखेने किंवा मातीने घासायची सवय अजून अनेक घरांत आहे, आणि ती राख पाण्याबरोबर पाइपात उतरून जिथे उतार कमी तिथे बसते. संडासाच्या लाइनीत बहुतेक वेळा कापड निघते, सॅनिटरी पॅड निघतात, लहान मुलांचे डायपर निघतात. जुन्या चिनी मातीच्या लाइनीत मुळे सापडतात. वड, पिंपळ, कडुलिंब यांचे केसाएवढे मूळ सांध्याच्या फटीतून ओल शोधत आत शिरते, आत गेल्यावर त्याचा झुपका होतो आणि त्या झुपक्यात बाकी सगळे अडकत जाते.

या प्रत्येक अडथळ्यासाठी स्प्रिंगच्या टोकाला वेगळे पाते लागते. सुरुवात नेहमी छोट्या किंवा साध्या टोकाने करायची, म्हणजे अडथळ्यातून पाणी जाईल एवढे भोक पडते आणि आत काय आहे त्याचा नमुना वर येतो. मळसूत्रासारखे गोल टोक कापड पकडून बाहेर ओढते. तेलाचा थर खरवडायला इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे पाते, मुळांना करवतीच्या दातांचे. पहिल्याच फेरीला पाइपाच्या पूर्ण व्यासाएवढे मोठे पाते लावले तर ते अडथळ्यात रुतून बसते, आणि पुढे सांगितलेला सगळा धोका तिथून सुरू होतो.

हे यंत्र येण्याआधी, आणि पुष्कळ ठिकाणी आजही, हे काम बांबूच्या कामट्यांनी होते. बांबू या भागात मुबलक. लांब चिरलेल्या लवचिक कामट्या एकमेकींना बांधून पाइपात सरकवायच्या आणि रेटायच्या. सरळ लाइनीत कामटी चालते. वळण आले की ती मोडते, आणि मोडलेला तुकडा काढायला कुणीतरी आत उतरते. कामटी पाइपाच्या तोंडाशी लावायलाही पुष्कळदा चेंबरमध्ये उतरावे लागते.

उतरल्यावर काय होते? मैल्यातला गंधकाचा अंश हवेविना कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यांचा वास तो हाच. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचा एखादा भाग असला तरी नाकाला कळतो, म्हणून लोकांना वाटते की वास आला तर धोका आणि वास गेला तर धोका टळला. उलट आहे. प्रमाण शंभर भागांच्या पुढे गेले की काही मिनिटांत नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. पाचशे ते सातशेच्या दरम्यान शुद्ध हरपते आणि मृत्यू येऊ शकतो. हजाराच्या आसपास माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो, हाक मारायलाही वेळ मिळत नाही. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहतो, आणि साचलेला गाळ ढवळला की आणखी सुटतो. सोबत मिथेन असतो, जो हवेत ५ ते १५ टक्के असताना ठिणगीने पेट घेतो. कधी यातला कुठलाच वायू फार नसतो, फक्त प्राणवायू संपलेला असतो. पहिला माणूस पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. मैल्याच्या टाकीतल्या मृत्यूंच्या बातमीत दोन-तीन नावे एकत्र येतात, त्यात एकाच घरातली दोन माणसे असतात, ती यामुळेच. ती माणसे निष्काळजी नव्हती. आपला माणूस डोळ्यांसमोर पडलेला असताना ती काठावर उभी राहू शकली नाहीत.

कायद्याने हे केव्हाच थांबायला हवे होते. हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. २०१३ चा कायदा त्या वर्षीच्या ६ डिसेंबरपासून लागू झाला आणि त्याच्या सातव्या कलमाने गटार व मैल्याच्या टाकीची धोकादायक सफाई कुणाकडूनही करून घेण्यास मनाई केली. हे कलम नगर परिषदेपुरते नाही. कुणीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी असे त्यात म्हटले आहे, म्हणजे घरमालक आणि गृहसंस्थाही त्यात आल्या. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यंत्राने काम होणे खरोखरच अशक्य असेल तरच, कारणे लेखी नोंदवून दिलेल्या परवानगीने आणि पूर्ण संरक्षक साधनांसह माणूस उतरवता येतो. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका खासगी गृहसंस्थेची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. त्यांच्या पत्नींना भरपाई मिळावी म्हणून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. केंद्राची ‘नमस्ते’ योजना २०२३ पासून सफाई कामगारांना प्रशिक्षण, संरक्षक साधने आणि यंत्रांसाठी अर्थसाहाय्य देते. हे काम पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारले गेले आहे आणि आजही उतरणारे बहुतेक त्याच समाजांतले असतात. त्यामुळे यंत्र विकत घेतल्यावर ते चालवायला शिकवणे, आणि शिकलेल्याला कुशल कारागिराची मजुरी देणे, हा माझ्या मते यंत्राच्या किमतीतच धरायचा खर्च आहे.

यंत्राचा जन्म मात्र अगदी घरगुती. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डे मॉइन गावी सॅम्युअल ब्लँक यांच्या मुलाच्या घरची लाइन मुळांनी बंद पडली होती. त्यांनी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर, स्केटची चाके आणि पोलादी केबल जोडून मुळे कापणारे यंत्र बनवले. वर्ष १९३३, मंदीचा काळ. तोवर मुळांनी बंद झालेली लाइन मोकळी करायची म्हणजे अंगण खोदून पाइप उघडा करणे हाच सर्रास मार्ग होता. त्यांच्या पत्नीने यंत्राला ‘रोटो-रूटर’ नाव दिले. आज भारतातही लहानमोठी ड्रम यंत्रे मिळतात. न्हाणीच्या बारीक पाइपासाठी हातात धरता येणारी, आणि चार ते सहा इंची लाइनीसाठी चाकांवर ढकलत न्यायची, साधारण १६ मिलिमीटर जाड केबलची. पाण्याच्या दाबाने लाइन धुणारी हाय प्रेशर जेटिंगची गाडी जिथे वळू शकत नाही अशा बोळात हे यंत्र दोन माणसे उचलून नेतात. लहान नगर परिषदा आणि नगर पंचायतींच्या जिल्ह्यात त्याचे मोल मला म्हणूनच जास्त वाटते.

आता धोका. हे यंत्र वायूपासून वाचवते, पण त्याचा स्वतःचा एक धोका आहे आणि तो स्प्रिंगमध्ये साठतो. पाते मुळांत किंवा कापडात अडकले तरी मोटर ड्रमला फिरवतच राहते. पुढचे टोक थांबलेले, मागचे फिरते, आणि मधली स्प्रिंग पीळ खात जाते. हा पीळ कुठेतरी बाहेर पडणारच. पाइपाच्या आत जागा नसते, म्हणून यंत्र आणि पाइपाचे तोंड यांच्यामधला जो मोकळा भाग असतो तिथे स्प्रिंग एकाएकी उसळते आणि तिचा वेढा पडतो. त्या वेढ्यात हात असेल तर बोटे, मनगट मोडते. ड्रम मिनिटाला साधारण दोनशे फेरे घेतो. वेढा पडू लागला हे दिसून मग हात मागे घ्यावा, इतका वेळच नसतो.

सुरक्षिततेचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. यंत्र पाइपाच्या तोंडापासून एक मीटरच्या आत ठेवायचे. त्या अंतरात स्प्रिंग ढिली पडू द्यायची नाही. मोटर बंद असताना हाताने स्प्रिंग निदान फूटभर पाइपात सरकवायची आणि मगच पायाने पेडल दाबायचे, कारण पाइपाबाहेर फिरणारे मोकळे टोक चाबकासारखे फटकारते. पेडल हे पायाखालीच हवे आणि पाय उचलताच मोटर थांबली पाहिजे. पेडल बिघडले म्हणून त्यावर वीट ठेवून किंवा स्विच थेट जोडून काम रेटणारे आढळतात. असे यंत्र त्या दिवशी वापरायचे नाही, बस. आणि स्प्रिंग धरणारा व पेडल दाबणारा माणूस एकच असावा. एकाने धरायचे आणि दुसऱ्याने लांब उभे राहून बटण चालू-बंद करायचे ही आपल्याकडची सर्रास पद्धत सर्वांत घातक आहे. धरणाऱ्याच्या हाताला पीळ आधी कळतो. तो ओरडणार, ते दुसऱ्याला ऐकू जाणार, मग बटण बंद होणार, तोवर उशीर झालेला असतो. दुसरा माणूस हवाच, पण लोकांना दूर ठेवायला आणि मदतीला.

हातमोजे जाड चामड्याचे, आतून रबरी. नुसता कापडी मोजा फिरत्या स्प्रिंगच्या पिळात गुंततो आणि हाताला ओढत नेतो. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवायचा, बाह्या बंद, अंगठी आणि हातातला दोरा काढलेला. वीज २३० व्होल्टची आणि पायाखालची जमीन ओली, त्यामुळे अर्थिंग असलेली तीन पिनांची जोडणी आणि गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी याशिवाय यंत्र लावायचे नाही. खिडकीतून सोडलेली, मध्येच टेप गुंडाळलेली वायर ओल्या अंगणात जीव घेऊ शकते.

सुरू करण्याआधी घरच्यांना एक प्रश्न विचारावाच लागतो: पाइपात काही ओतले आहे का? तुंबले की लोक आधी कॉस्टिक सोडा किंवा अ‍ॅसिड ओततात. ते लाइनीत साचून राहते आणि फिरती स्प्रिंग ते तोंडावर उडवते. अ‍ॅसिड मैल्यात मिसळले तर त्यातून हायड्रोजन सल्फाइडही जोरात सुटतो. अशा लाइनीत यंत्र घालायचे नाही. ओतलेले पदार्थ भरपूर पाण्याने निवळून निघून जाईपर्यंत थांबायचे.

चेंबरांच्या रांगेत अडथळा शोधणे अवघड नाही. भरलेले शेवटचे चेंबर आणि त्याच्या पुढचे पहिले कोरडे चेंबर यांच्यामध्ये तो असतो. कोरड्या चेंबरातून वरच्या बाजूला स्प्रिंग सोडणे सोयीचे, कारण पाइपाचे तोंड दिसते आणि कापलेला कचरा पाण्याबरोबर खाली येतो. बंध फुटला की साठलेले सगळे पाणी त्याच तोंडातून येते. चेंबर दोन फूट खोल असेल तर कारागीर काठावरून वाकून काम करू शकतो. दीड-दोन मीटर खोल असेल तेव्हा मात्र यंत्र वर, पाइपाचे तोंड खाली, आणि मध्ये स्प्रिंगला आधार नाही. इथे कुणीतरी म्हणते, ‘मी उतरून नुसते तोंडाशी लावून देतो, दोन मिनिटांचे काम.’ यंत्र दाराशी उभे असतानाही माणूस चेंबरमध्ये जातो तो या दोन मिनिटांसाठी. त्यावर उपाय आहे: यंत्राच्या तोंडाला जोडायची जाड मार्गदर्शक नळी, आणि ती वरूनच पाइपाच्या तोंडाशी धरून ठेवणारा लांब दांडा. ही जोड यंत्राबरोबरच विकत घ्यायला हवी. खरेदीच्या यादीतून पैसे वाचवायला तीच वगळली, तर खोल चेंबरसाठी यंत्र असून नसल्यासारखे आहे. वरून काम करतानाही शेजारची झाकणे उघडून वायू निघून जायला वेळ द्यायचा, वाऱ्याच्या बाजूला उभे राहायचे आणि बिडी पेटवायची नाही.

स्प्रिंग आत चालू लागली की पुढचे सगळे हाताला कळते. वैनगंगेवरच्या ढीवराला गळाची दोरी हाताशी धरून मासा लागला की गवत अडकले ते जसे समजते, तसेच इथे समजते. मऊ, दबणारा अडथळा कापडाचा. थरथरत, कुरकुरत अडणारा मुळांचा. ठक्क करून एकदम थांबणारा म्हणजे पाइपाचा कोपरा किंवा फुटलेला सांधा, आणि तिथे जोर केला तर पाइपच फुटतो. रेटण्याची गरज नसते, कापायचे काम फिरण्याने होते. मोटरचा आवाज जड झाला किंवा स्प्रिंग हातात आडवी सरकू लागली की पाय उचलायचा, ड्रम थांबू द्यायचा, स्प्रिंग थोडी मागे ओढायची आणि पुन्हा हळू पुढे न्यायची. उलट फिरवण्याचा खटका अडकलेले पाते सोडवण्यापुरता, काही सेकंदांसाठीच. उलट फिरताना स्प्रिंगचा पीळ उकलतो आणि ती तिथेच मुरडते. बाहेर काढताना मोटर सरळच फिरवायची आणि टोक तोंडाशी येण्याआधी बंद करायची.

या यंत्राने काय होत नाही हेही सांगितले पाहिजे, नाहीतर लोक निराश होऊन पुन्हा माणूस उतरवतात. राख, माती, रेती बसलेल्या लाइनीत स्प्रिंग नुसते भोक पाडते, गाळ उचलत नाही. पाणी दोन दिवस वाहते आणि भोक पुन्हा भरते. तिथे पाण्याचा दाब, म्हणजे जेटिंग, हवे. मैल्याची टाकी भरली असेल तर ती सक्शन टँकरनेच उपसायची आणि उपसलेला मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा. तो जवळच्या नाल्यात सोडला तर वैनगंगेत पोचतो, आणि नागपूरचे सांडपाणी नाग आणि कन्हान नद्यांवाटे गोसीखुर्दच्या जलाशयात येण्याचा त्रास या जिल्ह्याला आधीच पुरेसा आहे. तिसरी गोष्ट पुराची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत शिरला होता. अशा वेळी नालीचे आणि लाइनीचे तोंडच पाण्याखाली जाते आणि संडासातून पाणी उलटे वर येते. ती लाइन तुंबलेली नसते, बुडालेली असते. पाणी ओसरेपर्यंत कुठलेही यंत्र तिथे निरुपयोगी, आणि पुराच्या पाण्यात विजेचे यंत्र लावणे म्हणजे मरण ओढवून घेणे.

काम झाल्यावर स्प्रिंग धुऊन, पुसून, तेल लावून ठेवायची. ड्रमच्या तळाशी साचलेले घाण पाणी तिथेच चेंबरात ओतून टाकायचे, नाहीतर पुढच्या घरी जाताना ते रस्ताभर सांडते. कुठे स्प्रिंग मुरडलेली, ताणून पिळात फट पडलेली किंवा गंजलेली दिसली तर ती बदलायची. ती तुटेल ती त्याच जागी, आणि तुटलेले टोक पाइपात राहिले तर खोदकामच करावे लागते. हातमोजे काढून साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय पाणी किंवा खर्रा तोंडाला लावायचा नाही. मैल्यातून कावीळ आणि विषमज्वर पसरतात, आणि उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घेतलेली असावी.

चांगला कारागीर आणखी एक सवय ठेवतो. अडथळा लागला तिथे तोंडाशी स्प्रिंगवर रंगीत टेपची खूण करतो, बाहेर काढल्यावर ती लांबी मोजतो आणि वहीत घर, तारीख, लांबी आणि पात्यावर काय आले ते लिहितो. कापड आले तर घरच्यांना दाखवतो. मूळ आले तर पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा यायला लागेल असे सांगतो, कारण कापलेले मूळ फुटतेच. पात्यावर माती आली, आणि दोनदा त्याच लांबीवर आली, तर तिथे पाइप फुटला आहे किंवा सांधा निसटला आहे. मग तो यंत्र लावत नाही. चेंबरपासून तेवढे अंतर जमिनीवर मोजतो आणि त्या जागी खोदायला सांगतो.